मदरबोर्ड बदलण्याआधी खरखर नीट ऐका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गणपती तोंडावर आले की घरोघरचे लॅपटॉप मोठ्या स्पीकरला जोडले जातात. कुणाला आरत्या लावायच्या असतात, कुणाला परदेशातल्या मुलाला व्हिडिओ कॉलवर दर्शन घडवायचे असते, मंडपात तर दिवसभर घोषणा चालू असतात. आणि नेमक्या याच दिवसांत लॅपटॉपचा आवाज बिघडतो. मधूनच टरटर होते, गाणे तुटक वाजते, कुठे बारीक शिट्टी ऐकू येते. दुकानात नेला की 'साउंड आयसी गेलाय, मदरबोर्ड बदलावा लागेल' असे उत्तर मिळते. घरातल्या जाणत्याचे उत्तर निराळे असते: 'वायफायमुळे होतंय.' दोघांनीही तपासलेले काहीच नसते. खरे तर त्या खरखरीला स्वतःची चाल असते आणि पुष्कळदा ती चालच दोषाचा पत्ता सांगते. स्क्रूला हात लावण्याआधी पंधरा मिनिटे कान लावले तर बरेच पैसे वाचतात, म्हणून हे पत्र. जागा थोडी जास्त लागेल, त्याबद्दल क्षमस्व.

पहिली गोष्ट, वायफाय ऐकू येत नाही. माणसाचा कान २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचे ऐकतो आणि वायफाय-ब्लूटूथच्या लहरी सेकंदाला निदान २४० कोटी वेळा हेलकावतात. तेव्हा बिनतारी लहरींनी आवाज बिघडायचा तर त्याला दोनच वाटा आहेत. एक म्हणजे लहर स्पीकरच्या किंवा माइकच्या वायरीत शिरते. ॲम्प्लिफायरमधल्या ट्रान्झिस्टरचे जोड तिला जुन्या रेडिओतल्या डायोडसारखे 'सोलतात' आणि तिच्या चालू-बंद होण्याचा ठेका तेवढा आपल्याला ऐकू येतो. हा आवाज गुरगुरणारा, टरटरणारा असतो. दुसरी वाट ब्लूटूथची. तिथे आवाज आकड्यांच्या पुडक्यांतून येतो. पुडके हवेत हरवले तर आवाज तुटतो, अडखळतो, क्षणभर गप्प होतो. तो गुरगुरत नाही. म्हणून एकसारखा घरघरणारा ब्लूटूथ हेडफोन हातात आला तर हवेला दोष देऊ नये. बिघाड हेडफोनात तरी असतो, नाहीतर गाण्याच्या फाइलमध्ये. एवढा एक भेद लक्षात राहिला तरी निम्मी शोधाशोध वाचते.

वायरीत शिरणाऱ्या लहरींत सगळ्यात दांडगी लहर मोबाईलची, तीही जुन्या २जीची. फोन वाजण्याच्या दोन-तीन सेकंद आधी स्पीकरमधून येणारी 'टिडिक् टिडिक् टर्रर्र' कुणी ऐकली नाही? २जीचा फोन सलग बोलत नाही. वेळेच्या एका चौकटीत आठ घरे असतात, एकेक घर ५७७ मायक्रोसेकंदांचे. फोनला त्यातले एकच घर मिळते, तेवढ्यात तो बोलतो आणि पुढच्या चौकटीपर्यंत गप्प बसतो. चौकट ४.६१५ मिलिसेकंदांची, म्हणजे हे उघडझाप सेकंदाला २१७ वेळा. त्या टरटरीचा सूर हाच. ९०० मेगाहर्ट्झवर फोन त्या क्षणी २ वॅटपर्यंत ताकद लावतो. ४जीचा फोन जास्तीत जास्त ०.२ वॅट लावतो, त्यामुळे तोच फोन ४जीवर असताना स्पीकर बहुधा शांत राहतो आणि २जीवर उतरला की टरटरतो. रेंज कमी तितकी फोनची ताकद जास्त. दगडी वाड्यात, तळघरातल्या दुकानात किंवा घाटातल्या गावात हा त्रास वाढतो त्याचे कारण हेच.

उपाय फुकटातला आहे. फोन वायरीपासून निदान एक मीटर दूर ठेवा. दहा सेंटिमीटरचे अंतर एक मीटर झाले की वायरीपर्यंत पोचणारी ताकद साधारण शंभरावा हिस्सा उरते. ॲम्प्लिफायरच्या डोक्यावर किंवा लॅपटॉपच्या तळहाताच्या जागेवर फोन ठेवायची सवय मोडली की काम झाले. काही अँड्रॉइड फोनांत सिमच्या सेटिंगमध्ये २जी बंद करायची सोय असते, पण गावात २जीचीच रेंज येत असेल तर तिला हात लावू नये, कॉलच बंद पडतील. फोन लांब ठेवणे शक्यच नसेल, उदाहरणार्थ निवेदकाच्या टेबलावर, तर वायरीवर चिमटीसारखी बसणारी फेराइटची (लहर अडवणाऱ्या चुंबकी पदार्थाची) नळी लावावी. ती ॲम्प्लिफायरच्या बाजूला, पिनेपासून दोन-चार सेंटिमीटरवर हवी. मधोमध लावली तर नळी आणि ॲम्प्लिफायर यांच्यामधली वायर पुन्हा अँटेना होते. ९०० मेगाहर्ट्झची पाव लहर आठेक सेंटिमीटरचीच असते हे ध्यानात घ्या. ज्यांच्या हातात सोल्डरगन आहे त्यांनी ॲम्प्लिफायरच्या इनपुटवर, आयसीच्या अगदी पायाशी, ग्राउंडला ३३ पिकोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर लावून पाहावा. १८०० मेगाहर्ट्झसाठी दहा-बारा पिकोफॅरड पुरतो. आवाजाच्या पट्टीत त्याने काही फरक पडत नाही.

आता लॅपटॉपच्या स्वतःच्या वायफायविषयी. ते वायरीत शिरून गुरगुर करते अशी समजूत फार पसरली आहे, प्रत्यक्षात हे क्वचित घडते. त्याची ताकद थोडी आणि आवाजाच्या वायरी बेतलेल्या आखूड. घडलेच तर त्याला सलग सूर नसतो. पान उघडताना, फाइल उतरताना 'चर्र चर्र' होते आणि उतरणे थांबले की थांबते. राउटर किंवा फोनचा हॉटस्पॉट वायरीला खेटून असेल तर मात्र सेकंदाला जवळजवळ दहा वेळा बारीक टिकटिक ऐकू येऊ शकते. हॉटस्पॉट स्वतःची ओळख सांगणारा संदेश दर १०२.४ मिलिसेकंदांनी सोडतो, त्याची ती टिकटिक.

कानावर भरवसा नसेल तर खरखर डोळ्यांनीही पाहता येते. 'ऑडॅसिटी' हे ध्वनिमुद्रणाचे सॉफ्टवेअर फुकट मिळते. स्पीकरवर काहीही न वाजवता खरखर तेवढी दुसऱ्या फोनवर दहा सेकंद मुद्रित करा. तो फोन आधी एअरप्लेन मोडवर टाका, नाहीतर चोरालाच पहाऱ्यावर बसवल्यासारखे होईल. फाइल ऑडॅसिटीत उघडून 'ॲनलाइझ'मधल्या 'प्लॉट स्पेक्ट्रम'वर जा आणि आकार १६३८४ ठेवा. सेकंदाला ४८,००० नमुने घेणाऱ्या मुद्रणाला सुमारे ३ हर्ट्झपर्यंतचा बारकावा त्यात दिसतो. २१७, ४३४, ६५१ अशी शिखरे दिसली तर २जीचा फोन. १००, १५०, २०० अशी दिसली तर घरची वीज. (५० चे शिखर फोनच्या छोट्या माइकमध्ये बहुधा पुसट येते, नाही दिसले तर दचकू नका.) १००० किंवा ८००० वर एकच टोकदार सुळका दिसला तर संशयित यूएसबी. यूएसबीवर दर मिलिसेकंदाला एक ठोका पडतो, वेगवान जोडणीवर त्याचे आणखी आठ तुकडे होतात. यूएसबीवरच वीज घेणाऱ्या आणि गाण्यासाठी वेगळी पिन असणाऱ्या स्वस्त स्पीकरमध्ये ही शिट्टी हमखास येते, कारण वीज आणि आवाज यांच्या ग्राउंडचा, म्हणजे परतीच्या तारांचा, वेढा होतो. स्पीकरची यूएसबी पिन लॅपटॉपमधून काढून साध्या मोबाईल चार्जरला लावली की ती जाते.

'वायफायमुळे होतंय' म्हणून येणाऱ्या तक्रारींत विजेचा वाटा फार मोठा असतो. परीक्षा अर्ध्या मिनिटाची आहे. आवाज चालू ठेवून चार्जर काढा. घरघर थांबली तर वायफाय निर्दोष सुटले. लॅपटॉपचा चार्जर आणि ॲम्प्लिफायर वेगवेगळ्या बोर्डांवर असतील तर दोन्हींच्या अर्थिंगमध्ये थोडा फरक पडतो आणि तो फरक आवाजाच्या वायरीच्या जाळीतून वाहतो. दोन्ही एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर घेतले की पुष्कळदा घरघर तिथेच संपते. नाही संपली तर मध्ये 'ग्राउंड लूप आयसोलेटर' लावायचा. त्यात दोन्ही कानांसाठी एकेक छोटा ट्रान्सफॉर्मर असतो, तारेची सलग जोडणी तुटते पण आवाज पलीकडे पोचतो. अगदी स्वस्तातला घेतला तर ढोलकी-पखवाजाचा खालचा ठोका पातळ होतो.

चार्जरची तिसरी, जाड पिन कापायचा उद्योग मात्र कुणी करू नये. घरघर थांबते हे खरे, पण चार्जरच्या आतले, विजेतली खरखर गाळणारे कपॅसिटर मग आपली गळती लॅपटॉपच्या धातूच्या अंगावर सोडतात. हात फिरवला की मुंग्या येतात, टेस्टर लावला की उजळतो. ती गळती अगदी थोडी असते, पण चार्जर आतून बिघडला तर तिथे पूर्ण २३० व्होल्ट येऊ शकतात आणि तेव्हा वाचवायला अर्थिंग नसते. जुन्या घरांत बोर्डाला तीन भोके असतात आणि मागे वायरी दोनच असतात, हेही पाहून घ्यावे. वायरमनला फेज आणि अर्थ यांच्यात साधा शंभर वॅटचा दिवा लावायला सांगा. पूर्ण तेजाने पेटला तर अर्थिंग आहे, मिणमिणला तर नावापुरते आहे. हे काम स्वतः करू नका.

उत्सवात यात आणखी भर पडते ती एलईडीच्या माळांची, इन्व्हर्टरची आणि पंख्याच्या रेग्युलेटरची. वीज गेली, इन्व्हर्टर सुरू झाला आणि त्याच क्षणी स्पीकर भुणभुणू लागला तर तो चौकोनी लहरीचा इन्व्हर्टर समजावा. शुद्ध साइन लहरीच्या इन्व्हर्टरवर हे होत नाही. सलग फिरणारा जुना इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर भुणभुण करतो, टक्-टक् टप्प्यांत फिरणारा कपॅसिटरचा रेग्युलेटर करत नाही. स्वस्त माळेच्या डबीत ही खरखर गाळायचे सुटे भागच नसतात. कोण त्रास देतो ते शोधायला आजोबांचा ट्रान्झिस्टर उत्तम. मीडियम वेव्हवर दोन केंद्रांच्या मधली रिकामी जागा लावा आणि ट्रान्झिस्टर घरभर फिरवा. जिथे खरखर उसळते तिथे दोषी वस्तू आहे. वायफाय मात्र या रेडिओला सापडत नाही, त्याचे क्षेत्रच वेगळे. चार्जर घेताना त्यावर भारतीय मानक ब्युरोचा 'आर'ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक जरूर पाहावा, पण ती नोंदणी सुरक्षेची आहे. आवाज स्वच्छ येईल अशी हमी त्यात धरू नये.

मंडळांच्या कार्यकर्त्यांसाठी एक स्वतंत्र सूचना. लॅपटॉपच्या हेडफोनच्या भोकातून ईपी (साध्या हेडफोनच्या) पिनेने पंधरा मीटर साधी वायर मिक्सरपर्यंत ओढली की ती मांडवातला सगळा कचरा गोळा करते. लॅपटॉपपाशीच डीआय बॉक्स (साधा आवाज तीन तारांच्या वायरीजोगा करणारी डबी) ठेवा, तिथून पुढे कॅनन (एक्सएलआर) पिनेची तीन तारांची वायर न्या. या वायरीत दोन तारांवर आवाज उलटसुलट जातो आणि वाटेत शिरलेली खरखर दोन्हींवर सारखीच असल्याने मिक्सरमध्ये वजा होते. डीआय बॉक्सवर ग्राउंड तोडायचे बटण असते, घरघर आली तर ते दाबून पाहावे. लॅपटॉपचा आवाज ७०-८० टक्क्यांवर आणि मिक्सरची चावी कमी ठेवा. उलट केले तर मिक्सर खरखरीलाच मोठे करतो.

आता ब्लूटूथ. इथे वायफाय खरोखर गुन्हेगार असू शकते, कारण दोघे एकाच गल्लीत राहतात. २.४ गिगाहर्ट्झचा हा पट्टा भारतात २००५ पासून विनापरवाना खुला आहे. वायफाय, ब्लूटूथ, बिनतारी माउस, काही ड्रोन, सगळे तिथेच. ब्लूटूथ हेडफोन १ मेगाहर्ट्झच्या ७९ पायवाटांवरून सेकंदाला १६०० उड्या मारत जातो आणि गर्दीच्या वाटा टाळतो. वायफायने २० मेगाहर्ट्झ अडवले तरी त्याला पुरेशी जागा उरते. पण राउटरवर २.४ ची रुंदी ४० मेगाहर्ट्झ केली आणि वरखालच्या सहा सदनिकांनीही तेच केले, तर उडी मारायला जागाच राहत नाही. शिवाय बहुतेक लॅपटॉपांत वायफाय आणि ब्लूटूथ एकाच कार्डावर असतात आणि अँटेनाही वाटून घेतात. मोठी फाइल उतरत असताना ब्लूटूथला पाळी मिळत नाही. म्हणूनच लॅपटॉपवर तुटणारा हेडफोन फोनवर नीट चालतो आणि दुकानदार 'हेडफोन चांगलाय' म्हणून परत पाठवतो.

पहिला उपाय, लॅपटॉपचे वायफाय ५ गिगाहर्ट्झवर न्या. हेडफोन २.४ वरच राहील आणि भांडणच मिटेल. राउटरच्या सेटिंगच्या पानावर दोन्ही पट्ट्यांना वेगळी नावे द्या, नाहीतर लॅपटॉप मनाला येईल तेव्हा २.४ वर उतरतो. विंडोजमध्ये डिव्हाइस मॅनेजर उघडून वायफाय कार्डाच्या 'ॲडव्हान्स्ड' पानावर 'प्रिफर्ड बँड' असेल तर ५ गिगाहर्ट्झ निवडा. ५ ची लहर जाड भिंतीत लवकर अडकते, तेव्हा शेवटच्या खोलीत २.४ वरच राहावे लागले तर राउटरवर रुंदी २० मेगाहर्ट्झ करा आणि १, ६ किंवा ११ यांपैकी जो चॅनेल फोनवरच्या वायफाय ॲनलायझर ॲपमध्ये मोकळा दिसेल तो पक्का करा. ३ किंवा ८ घेऊ नये, दोन्ही शेजाऱ्यांशी भांडण होते. मायक्रोवेव्ह ओव्हनही याच पट्ट्यात, २.४५ गिगाहर्ट्झच्या आसपास चालतो. ओव्हन सुरू असेपर्यंतच आवाज तुटत असेल तर दुसरे काही शोधू नका, टेबल हलवा. आणि शरीरात पाणी असते, पाणी ही लहर गिळते. लॅपटॉप उजवीकडे आणि हेडफोनचा रिसीव्हर डाव्या कानात असेल तर मध्ये आपलेच डोके येते.

यूएसबी ३ ची गोष्ट फार कमी लोकांना ठाऊक आहे. ही जोडणी सेकंदाला ५ अब्ज बिट पाठवते आणि तिच्या वायरीतून, सॉकेटमधून सांडणारा कोलाहल थेट २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात पसरतो. इंटेलने २०१२ साली याची मोजमापे करून एक तांत्रिक टिपण प्रसिद्ध केले होते. लॅपटॉपला बाहेरची हार्ड डिस्क लावली की शेजारच्या सॉकेटमधला बिनतारी हेडफोनचा डोंगल (यूएसबीत लावायचा छोटा रिसीव्हर) बहिरा होतो, माउस अडखळतो आणि डिस्क काढली की सगळे सुरळीत. डिस्क खराब नसते, डोंगलही नसतो. डोंगल ३० ते ५० सेंटिमीटरच्या यूएसबी एक्स्टेन्शन वायरीवर घेऊन डिस्कपासून लांब ठेवा, शक्य असेल तर आत निळे प्लास्टिक नसलेल्या यूएसबी २ च्या सॉकेटमध्ये लावा. डिस्कची वायर आखूड आणि चांगल्या जाळीची हवी. टाइप-सीचे स्वस्त हब लॅपटॉपला चिकटून लोंबकळतात, त्यांनाही हेच लागू. हब अँटेनापासून दूर, टेबलाच्या पलीकडच्या कडेला ठेवावा.

हे सगळे करूनही तारेच्या हेडफोनमध्ये किंवा लॅपटॉपच्या स्वतःच्या स्पीकरमध्ये 'चट् चट्' होत राहिले आणि वायफाय बंद केल्यावर थांबले, तर? तर लगेच लहरींना जबाबदार धरू नका. इथेच भलेभले फसतात. वायफाय दोन प्रकारे बंद होते. एअरप्लेन मोडमध्ये लहरी थांबतात, पण ड्रायव्हर (कार्ड चालवणारे सॉफ्टवेअर) जागा असतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्ड 'डिसेबल' केले की ड्रायव्हरही झोपतो. एअरप्लेन मोडमध्ये चटचट चालू राहिली आणि डिसेबल केल्यावर गेली, तर दोष हवेत नसून ड्रायव्हरमध्ये आहे. विंडोज आवाज साधारण १० मिलिसेकंदांच्या घासांनी पुरवते, ४८,००० च्या दराने एका घासात ४८० नमुने. वायफायच्या ड्रायव्हरने प्रोसेसर त्याहून जास्त वेळ अडवून ठेवला तर घास चुकतो आणि कानाला 'चट्' ऐकू येते. 'लेटन्सीमॉन' हे फुकटचे सॉफ्टवेअर दहा मिनिटे चालू ठेवा, त्यादरम्यान मोठी फाइल उतरवा, मग ड्रायव्हरांच्या यादीत सर्वांत जास्त वेळ घेणारा कोण ते पाहा. नेटवर्कचा ड्रायव्हर अग्रभागी असेल तर लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या स्थळावरून, नेमक्या मॉडेलचा ड्रायव्हर घ्या. अलीकडच्या अपडेटनंतर त्रास सुरू झाला असेल तर 'रोल बॅक' करा, म्हणजे आधीचा ड्रायव्हर परत आणा. सगळे ड्रायव्हर एकदम टाकून देणारी तयार पॅकेजे टाळावीत, दुखणे बोटाचे आणि प्लास्टर हाताला असा तो प्रकार. यादीत 'एसीपीआय' (विजेची व्यवस्था पाहणारा ड्रायव्हर) वर असेल आणि चट ठरावीक अंतराने येत असेल तर बॅटरीची विचारपूस करणारा ड्रायव्हर तपासा. डिव्हाइस मॅनेजरमधली बॅटरीची नोंद तात्पुरती डिसेबल करून पाहा आणि परीक्षा झाली की आठवणीने चालू करा, नाहीतर बॅटरी संपत आल्याची सूचनाच येणार नाही.

सॉफ्टवेअर की हार्डवेअर हा वाद एका पेन ड्राइव्हने मिटतो. उबुंटू ही विंडोजऐवजी चालणारी फुकटची ऑपरेटिंग सिस्टिम पेन ड्राइव्हवरून सुरू करा, डिस्कवर काहीही बसवू नका, अर्धा तास गाणी वाजवा. तिथे आवाज स्वच्छ आला तर मदरबोर्ड ठणठणीत आहे आणि बिल विंडोजच्या नावावर जायला हवे. दुसरी परीक्षा शे-दोनशेपासून मिळणाऱ्या यूएसबी साउंड कार्डाची. त्यावर आवाज चांगला आणि लॅपटॉपच्या भोकात खराब, तर बिघाड भोक किंवा त्यामागचा भाग एवढाच. कित्येकांना तेच कार्ड कायमचे पुरते.

लहरींच्या माथी मारले जाणारे आणखी काही किरकोळ प्रकार. गाण्यात वाद्ये ऐकू येतात पण गायकाचा आवाज विहिरीतून आल्यासारखा, तर पिन अर्धवट बसली आहे किंवा तिचे ग्राउंड तुटले आहे. दोन्ही कानांत सारखा असलेला गायक मग वजा होतो. ब्लूटूथ हेडसेटवर मीटिंग सुरू होताच गाणे टेलिफोनसारखे वाजू लागले तर माइक चालू झाल्यामुळे जोडणी बोलण्याच्या पद्धतीवर गेली आहे. माइक लॅपटॉपचा निवडा, आवाज पुन्हा भरदार होईल. दर वेळी गाणे लावताना 'फट्' होत असेल तर साउंड चिप वीज वाचवण्यासाठी झोपते आणि दचकून उठते. आणि आवाज पूर्ण बंद करूनही पान सरकवताना बारीक किणकिण येत असेल तर ती स्पीकरमधून येतच नाही, प्रोसेसरला वीज देणारी कॉइल किणकिणते. कान कीबोर्डच्या वरच्या अंगाला नेला की कळेल. त्याने काही बिघडत नाही.

राहता राहिले दुकान. लॅपटॉप उघडून आल्यावर, कीबोर्ड किंवा स्क्रीन बदलल्यावर त्रास सुरू झाला असेल तर आधी आत पाहायला सांगा. वायफायची अँटेना बहुतेक लॅपटॉपांत झाकणात, स्क्रीनभोवती असते. तिथून एक काळी आणि एक पांढरी अशा दोन बारीक तारा बिजागरीतून कार्डापर्यंत येतात. त्यांची टोपणे मसुराच्या डाळीएवढी. असली टोपणे मोजक्या, तीसेक वेळा काढ-घाल सोसण्यापुरतीच बनवलेली असतात, त्यानंतर सैल होतात. एक जरी सुटली तर ब्लूटूथ हातभर अंतरावर तुटते. या तारांना ठरलेली खाच असते. घाईत ती सोडून तार स्पीकरच्या वायरीवरून आडवी टाकली किंवा तांब्याची चिकटपट्टी परत लावायची राहिली, की आवाजाची वायर लहर पकडायला मोकळी. बॅटरी सोडवून टोपणे अंगठ्याने सरळ दाबायची, तारा खाचेत बसवायच्या, पट्टी चिकटवायची आणि स्क्रू मोजून परत लावायचे, कारण काही स्क्रू नुसते झाकण धरत नाहीत, ग्राउंडही जोडतात. हे काम वीस मिनिटांचे आहे. मदरबोर्डचे दरपत्रक हातात घेण्याआधी ते आपल्यासमोर करून मागावे, आणि तरीही बोर्ड बदलला तर जुना बोर्ड परत मागून घ्यावा.

कळावे, लोभ असावा.

आपला,
लॅपटॉप व ध्वनियंत्रणा दुरुस्तीच्या कामातला एक वाचक,
कोल्हापूर